लाल लुगडं आणि वर आलेले हात

शाळेच्या दिवसांत मी पाणी पीत नसे. हे सांगितलं की आताच्या मुली माझ्या तोंडाकडे बघत राहतात, पण आमच्या वर्गातली एकही मुलगी पीत नसे. सकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन निघताना माय तांब्या पुढं करायची तो घोटभरासाठीच. दुसरा घोट झाला की तांब्या आपणच मागं घ्यायची. मधल्या सुट्टीत शेंगदाण्याच्या चटणीनं तोंड पोळायचं, हापशावर मुलं खिदळत पाणी प्यायची, ओंजळीनं एकमेकांच्या अंगावर उडवायची, आणि आम्ही अकराजणी व्हरांड्याच्या टोकाला बसून शेवटचा कोरडा तुकडा कसाबसा गिळायचो. दुपारच्या तिसऱ्या तासाला डोकं ठणकायला लागायचं. तो तास भूगोलाचा असायचा. कितीतरी वर्षं माझी समजूत होती की भूगोलानं डोकं दुखतं.

आमचं गाव बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या पुढं, बसनं पाऊण तास. घरात मराठी, सरकारी कागदांवर कन्नड, आठवडी बाजारात तेलुगू आणि कुणाशी भांडायचं झालं तर दखनी, असा आमचा कारभार. घर विहाराच्या मागं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खुंटीला आप्पांचा ओळंबा आणि कोपऱ्यात थाप्या, गुण्या, दोरीची रिळं. आप्पा गवंडी होते आणि माय त्यांच्याच हाताखाली बिगारी. आप्पा भिंत चढवायचे, माय खालून घमेलं द्यायची. लग्नानंतरची चार वर्षं दोघं हैदराबादकडं कामाला होती, तेव्हापासून माय विटा तेलुगूतच मोजायची. घरी भाकरी थापतानासुद्धा ती कधी कधी ओकटी, रेंडु, मूडु असं पुटपुटायची आणि तव्यावर भाकर पडल्याच्या आवाजाबरोबर एकेक आकडा पुढं जायचा. मी अंथरुणातच पडून ते आकडे ऐकायची. सहा झाले की उठायची वेळ झाली हे कळायचं. माय शाळेत गेली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, पण एखाद्या घरासमोर उभी राहिली की चूल कुठं असेल आणि धूर कुठून निघत असेल हे ती आत न जाता सांगायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आईला असं येतच असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या घरी संडास नव्हता, गल्लीत कुणाच्याच घरी नव्हता. बाया उजाडायच्या आधी तुरीच्या रानात जायच्या. तूर उभी असेपर्यंत ठीक चालायचं. तूर काढली की सगळं रान उघडं पडायचं आणि मग रोज नवी जागा शोधावी लागायची. ती जागा माय शोधायची. आधी एका जागी उभी राहून ती चारी बाजूंना बघायची. रस्त्याच्या वळणावरून गाडी आली तर उजेड कुठपर्यंत येईल, पाटलाच्या शेतातल्या आखाड्यावर झोपणारी माणसं किती वाजता उठतात, बांध किती उंच आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. ती म्हणेल तिथं आम्ही बसायचो आणि आमच्यावर कधी उजेड पडला नाही. गल्लीतल्या दुसऱ्या बायाही मग तिच्या मागं मागं यायला लागल्या.

शाळेत मुलींसाठी एक संडास होता. म्हणजे बांधलेला होता. तालुक्याच्या कुण्या गुत्तेदारानं मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीला खेटून तो उभा केला होता. डोक्यापेक्षा थोड्या वरपर्यंत भिंती, पत्र्याचं दार, वर छप्पर नाही. दार थेट मैदानाकडं उघडायचं. दाराला बाहेरून एक कडी आणि आतून एक कडी, पण आतल्या कडीचं चौकटीतलं भोक चुकलेलं, त्यामुळं ती कधी लागायचीच नाही. तिथं जायचं म्हणजे सगळ्या मैदानासमोरून जायचं, कबड्डी थांबायची, कुणीतरी खोकायचं. आम्ही तिकडं जात नव्हतो. विमलाबाई नावाच्या एकच बाई आमच्या शाळेत होत्या, कन्नड आणि शिवण शिकवायच्या. त्यासुद्धा मधल्या सुट्टीत शाळेशेजारच्या एका घरी जाऊन यायच्या.

महानंदा माझ्याच बाकावर बसायची. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. घरी कन्नड, पण आमच्यात आली की आमच्यापेक्षा फर्डं मराठी. गळ्यातलं इष्टलिंग ती बोलताना बोटांनी चाचपत राहायची आणि गणित सोडवताना सोडून द्यायची. त्या दिवशी तिला शाळेतच पाळी आली, पहिल्यांदाच. ती मला काही बोलली नाही, नुसती उठली आणि त्या संडासाकडं गेली. मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. हे मी आजही म्हणते. वरच्या वर्गातल्या तिघांनी बाहेरून कडी घातली आणि ते टाकीच्या नळावर पाय देऊन भिंतीवर चढले. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी महानंदा आतच होती. शेवटी विमलाबाईंनी जाऊन कडी काढली. महानंदा बाहेर आली ती दप्तर न घेता, शाळेच्या दारातून सरळ घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. हेडमास्तर बिरादार सरांनी त्या तिघांना सगळ्या शाळेसमोर छड्या मारल्या आणि संडासाला कुलूप घातलं. छड्यांचा आवाज किराणा दुकानापर्यंत गेला असेल, पण त्यानं महानंदा काही परत आली नाही.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. आप्पा संध्याकाळी हातपाय धुऊन बसले आणि जेवण वाढायच्या आधीच म्हणाले की सुशीची आठवी तेवढी होऊ दे, मग शाळा बस झाली. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. ते घाबरलेले होते आणि घाबरलेल्या बापाशी कसं भांडायचं मला माहीत नव्हतं. दोन दिवस माय कामावर गेली, आली, भाकरी थापल्या, पण आकडे म्हटले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं मला बरोबर घेतलं आणि महानंदाच्या घरी गेली.

त्या घराचा गिलावा आप्पांनी आणि मायनंच केला होता, पण माय त्यांच्या ओट्यावर कधी बसली नव्हती. महानंदाची आई, नीलम्मा, दारात आली, थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि मग आतून चटई आणून तिनं ओट्यावर टाकली. माय बसली. चहा आला. महानंदा आतल्या दारापाशी उंबऱ्यावर बसली होती, मान खाली. इतक्या दिवसांत जो आला त्यानं तिला एकच विचारलं होतं, कोण कोण होते आणि काय म्हणाले. ती कुणालाच सांगत नव्हती. मायनं ते विचारलंच नाही.

"दार कुण्या अंगाला उघडतं, बाळे?"

महानंदानं मान वर केली. "मैदानाकडं."

"आतली कडी का न्हाई लागली?"

"भोक चुकलंय, मावशी."

"वर चढले ते पाय कशावर देऊन?"

"टाकीच्या नळावर. आन् दुसरा पाय भिंतीच्या खाचेत."

"तू बसली तर खालून तुझे पाय बाहेरून दिसत व्हते?"

महानंदा विचार करून म्हणाली, "व्हय. दाराखाली वीतभर जागा हाय."

अशा कितीतरी वेळ त्या दोघी बोलत राहिल्या. एखाद्या पडलेल्या भिंतीबद्दल दोन गवंड्यांनी बोलावं तसं. बोलता बोलता महानंदा उंबरा सोडून चटईच्या कडेला येऊन बसली आणि बोटानं जमिनीवर नळ कुठं, खाच कुठं, हे काढून दाखवायला लागली. नीलम्मा दाराला टेकून रडत होती, पण आवाज न करता. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की माय जे विचारत होती त्यात महानंदाचा दोष कुठंच नव्हता. सगळा दोष दाराचा, कडीचा आणि नळाचा होता, आणि त्या गोष्टी दुरुस्त करता येतात.

माझी भाची आता कलबुर्गीजवळ कडगंचीच्या विद्यापीठात शिकते. तिला भेटायला गेले तेव्हा खोलीत पिशवी ठेवायच्या आधी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बघितली, खिडकी कुठं उघडते ते बघितलं. ती लाजली, मैत्रिणींसमोर म्हणाली, आमच्या मावशीचं असंच आहे. कडी घट्ट बसत होती. मग मी चहा घेतला.

महिनाभरात शाळेला नवा संडास मंजूर झाल्याची बातमी आली. गुत्तेदार तालुक्याचा, पण गवंडी गावातलाच हवा म्हणून काम आप्पांकडं आलं. इंजिनीयरनं दिलेला नकाशा आप्पांनी मला वाचायला दिला. मैदानाच्या कडेला, जुन्याच्या शेजारीच, एका ओळीत तीन दारं, तिन्ही मैदानाकडं तोंड केलेली. आप्पांनी रविवारी जाऊन जमिनीवर चुन्याची फक्की मारली, तीन चौकोन. माय मागून आली, चौकोन बघितले, आणि मधल्या चौकोनात जाऊन खाली बसली. पाठीवर पदर घेऊन, उकिडवी, जशी बसायची असते तशी. शाळेच्या भिंतीपलीकडून जाणारे दोघंतिघं हसले. आप्पांनी हातातलं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं.

"काय करायलीस?"

"बसून बघायलेय."

"काय दिसायलंय?"

"सगळं गाव," माय म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. ते चौकोनापाशी गेले आणि तिच्याशेजारी खाली बसले. दोघं गवंडी-बिगारी तशी चुन्याच्या रेघांत बसून चारी बाजूंना बघत होती. थोड्या वेळानं आप्पा म्हणाले की नकाशा इंजिनीयरचा आहे, त्यात मला बोटभर हलवता येत नाही. माय उठली, लुगड्याला लागलेला चुना झटकला.

"सुशीची शाळा बंद करायची का ही भिंत हलवायची, ते तुम्ही ठरवा. मी तर नुसती घमेलं उचलणारी."

त्यानंतर तीन दिवसांत मायनं काय काय केलं ते मला सगळं माहीत नाही. ती विमलाबाईंकडं गेली होती हे नक्की, आणि विमलाबाई बिरादार सरांकडं. इंजिनीयर बघायला येणार होता त्या सकाळी मायनं ट्रंकेतून आपलं लाल लुगडं काढलं, लग्नातलं, आणि एका बांबूला बांधलं. मला म्हणाली, चल, तुला धरायचंय.

इंजिनीयर मोटारसायकलवरून आला. कलबुर्गीकडचा, तरुण, मराठी कळायचं पण बोलायला जड जायचं. विमलाबाईंनी शाळेतल्या सगळ्या मुलींना व्हरांड्यात उभं केलं होतं. मायनं त्यांना सांगितलं की गावात पांगायचं, जिथून माणूस जातो-येतो किंवा चढतो तिथं तिथं उभं राहायचं आणि लाल दिसलं तर हात वर करायचा. न दिसलं तर हात खाली. खोटं करायचं नाही. मुली पळाल्या. कुणी बसथांब्यावर गेली, कुणी पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, दोघी टाकीच्या जिन्यावर, शोभा नावाची एक चिंचेवर चढली, एकजण हेडसरांच्या खोलीतल्या खिडकीशी. नीलम्माही आली होती. ती कुणी न सांगता दुकानांच्या ओळीसमोर जाऊन उभी राहिली. मी मधल्या चौकोनात बांबू धरून उभी. मायनं लुगडं माझ्या खांद्याच्या उंचीला बांधलेलं.

विमलाबाईंनी शिट्टी वाजवली आणि हात वर यायला लागले.

आधी व्हरांड्यातले. मग फाटकापाशी दोन. मग बसथांबा, गिरणी, टाकीचा जिना, खिडकी. चिंचेच्या फांद्यांतून शोभाचा हात. लांब दुकानांपाशी नीलम्माचा, हिरव्या बांगड्यांचा. रस्त्यापलीकडं ज्या उभ्या होत्या त्यांचे हात काडीएवढे दिसत होते, पण वर होते. मी मान फिरवेन तिकडं हात. मी रोज ज्या मैदानावरून चालत होते, तिथं मी किती ठिकाणांहून दिसते हे मला कधी कुणी दाखवलं नव्हतं, आणि आता ते सगळं एकदम माझ्याभोवती उभं राहिलं होतं. मी बांबू दोन्ही हातांनी धरला. मग मुलांच्या वर्गाच्या खिडक्यांमधून एक हात वर आला. त्याच्या मागं दुसरा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हळूहळू खिडक्या हातांनी भरून गेल्या आणि एकाही वर्गातून खोकण्याचा आवाज आला नाही.

माय माझ्याजवळ आली, मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि लुगडं खाली सरकवलं, बसलेल्या बाईच्या डोक्याइतकं. बांधकामासाठी आणलेल्या विटांचा ढीग आड आला आणि व्हरांड्यातले हात खाली गेले. फाटकापाशचे गेले. पण टाकीच्या जिन्यावरचे दोन्ही, चिंचेवरचा, गिरणीच्या पायरीवरचा आणि आणखी तीन हात तसेच वर राहिले. माय मोठ्यानं मोजत होती, तेलुगूत. येडु, ती म्हणाली. सात.

इंजिनीयर इतका वेळ मोटारसायकलशी उभा होता. त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि चौकोनात माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग तो खाली बसला, पँट सावरून. ते सात हात त्याच्याकडंही होते. त्यानं एकेकाकडं नीट बघितलं. मग त्यानं मायला कन्नडमध्ये विचारलं की मग कुठं बांधू. त्यानंच बोट दाखवलं, शाळेच्या मागं, कुंपणाच्या कोपऱ्यात, बाभळीखाली; तिथून तर कुणालाच दिसणार नाही. माय कामावर शिकलेल्या मोडक्या कन्नडमध्ये बोलायला लागली आणि मध्येच मराठीवर आली.

"तिथं न्हाई दिसत, साहेब. पण तिथून वरडलं तर ऐकूबी येत न्हाई. लपलेली जागा नको. झाकलेली पाहिजे."

पुढचा तासभर जे झालं ते मी आयुष्यात विसरले नाही. माझी माय, जिला घरात कुणी मत विचारत नसे, ती पुढं चालत होती आणि इंजिनीयर, हेडमास्तर, विमलाबाई आणि आप्पा तिच्या मागून. तिनं मुलींच्या व्हरांड्याचं टोक दाखवलं. शेजारी विमलाबाईंची खोली, समोर वर्गाची बिनखिडकीची पाठभिंत. दारं त्या भिंतीकडं करायची, मैदानाकडं पाठ. दारांपुढं आडभिंत, एक वळण घेऊनच आत जाता येईल अशी. आत कोण जातंय हे विमलाबाईंना खोलीतून दिसेल, पण दार कुणालाच दिसणार नाही. भिंती छपरापर्यंत. इंजिनीयर म्हणाला, मग वारा आणि उजेड? माय म्हणाली, वरच्या तीन थरांत विटा तिरक्या लावायच्या. वारा आत येतो, नजर येत नाही. आतून कडी, आणि भोक आधी पाडून मग कडी बसवायची. बाहेरून कडी नाहीच. इंजिनीयर म्हणाला, शाळा सुटल्यावर कुलूप कसं घालायचं? माय म्हणाली, आडभिंतीच्या तोंडाशी फाटक करा, त्याला घाला, दाराला नाही. दाराखाली चारच बोटं जागा. बाहेर भिंतीजवळ नळ नाही, खाच नाही, पाय द्यायला काही नाही. आत प्रत्येकीला वेगळा पाण्याचा नळ आणि हाताशी एक कोनाडा. कोनाडा कशाला, असं इंजिनीयरनं विचारलं आणि विमलाबाईंनीच खाली बघत सांगितलं, कापड ठेवायला. त्यानं नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोनाडा काढला. तो मायच्या बोलण्याबरोबर काढत होता आणि खोडत होता, आणि आप्पा त्याच्या खांद्यावरून कागदात बघत होते. आप्पांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. इतकी वर्षं आपल्याला खालून घमेलं कोण देत होतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत असावं.

आता माझी साठी उलटली. मी स्वतः पंचवीस वर्षं शिक्षिका होते, अनेक शाळांचे संडास बघितले. आता भिंतीवर चढायची गरज उरली नाही, तिरक्या विटांच्या फटीतूनही फोन आत जातो. मी शेवटच्या शाळेत होते तेव्हा त्या फटींना आतून बारीक जाळी लावून घेतली. काम करणारा गवंडी म्हणाला, मॅडम, हे नकाशात नाही. मी त्याला म्हटलं, असू दे.

बांधकामाला दीड महिना लागला आणि त्या दीड महिन्यात मायनं लुगडं तीनदा शाळेत नेलं. जोतं झाल्यावर, भिंती खांद्याला आल्यावर आणि स्लॅब टाकल्यावर. दुसऱ्या वेळेला चिंचेवरून शोभाचा हात वर आला, तेव्हा आडभिंत आणखी दोन थर वाढवली. आप्पांनी कुरकुर केली नाही. आप्पा घरी मायला विचारायला लागले होते, असं केलं तर? तसं केलं तर? जेवताना ताटात भाकरीच्या तुकड्यांच्या भिंती उभ्या राहायच्या, आणि आमटी ओतली की पडायच्या.

तिसऱ्या वेळेला महानंदा आली. शाळेच्या कपड्यांत नव्हती, नीलम्माबरोबर आली होती. विमलाबाई मुलींना जागा वाटून देत होत्या तेव्हा ती म्हणाली, मी टाकीच्या नळावर उभी राहते. तिथं कुणालाच उभं करायचं विमलाबाईंच्या मनात नव्हतं. पण महानंदा गेली, चपला खाली काढल्या, त्याच नळावर एक पाय दिला, जुन्या संडासाच्या भिंतीच्या खाचेत दुसरा आणि वर चढली. शिट्टी वाजली. लाल लुगडं आत कुठंतरी होतं. मी ते धरून उभी होते, आडभिंतीच्या आत, आणि मला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. फक्त आवाज ऐकू येत होते. विमलाबाई एकेकीचं नाव घेऊन विचारत होत्या आणि लांबून, जवळून, वरून, एकेक उत्तर येत होतं. न्हाई. न्हाई, बाई. न्हाई दिसत. सगळ्यात शेवटी त्यांनी महानंदाला विचारलं. मग टाकीच्या बाजूनं तिचा आवाज आला, ठाम, गणिताचं उत्तर सांगताना असायचा तसा.

"न्हाई दिसत, बाई. कुठूनच न्हाई."

सोमवारी ती दप्तर घेऊन आली. बुडालेलं सगळं तिनं पंधरा दिवसांत उतरवून घेतलं, दुकानातल्या गुळाच्या हातांनी माझ्या वह्या चिकट करून ठेवल्या. ती पुढं नर्स झाली, बिदरच्या एका दवाखान्यात होती, आता नातवंडांत रमली आहे. आप्पांनी माझी शाळा बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. त्या संडासावर दगडात कुणाचं नाव कोरलेलं नाही. गुत्तेदाराची पाटी होती, ती पावसात उडाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या तिसऱ्या चाचणीच्या दिवसाचं, सगळ्या मुली परत आल्यानंतरचं. फाटक उघडं होतं, आत नळाला पाणी आलं होतं, गिलावा अजून ओला, चुन्याचा वास. आधी कुणी जायचं यावर मुली एकमेकींना ढकलत होत्या. मायनं माझ्या हातातला बांबू घेतला, लुगड्याची गाठ सोडली, लुगडं घडी करून नीलम्माच्या हातात दिलं आणि आम्हाला म्हणाली, थांबा जरा. ती आडभिंतीच्या वळणानं आत गेली. दार लागलं. आतली कडी सरकली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. खूप वेळ झाला. विमलाबाईंनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. आप्पा थाप्या गोळा करत होते, ते हातात थापी धरून तसेच थांबले. आतून नळाचा आवाज आला, बंद झाला, मग काहीच नाही. मायचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. इतक्या वर्षांत ज्या खोलीला आतून कडी आहे आणि जिथं दुसरं कुणी नाही अशा खोलीत ती कधी बसली नव्हती, हे मला तिथं उभं असताना कळलं, आणि मी तोंड फिरवून मैदानाकडं बघत राहिले.

कडी निघाली. माय बाहेर आली, तोंडावर पाणी मारलेलं, पदरानं पुसत. तिनं आम्हा सगळ्यांकडं बघितलं, जसं काही आम्ही लांबून आलो होतो.

"जा," ती म्हणाली. "निवांत बसा."

निवांत हा शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.